वाणसामानाची वही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी विदुषी नाही, शास्त्राभ्यासी तर नाहीच. महिला मंडळाने मला ‘गृहिणी आणि काटकसर’ हा विषय दिला तेव्हा मी म्हटले, यावर बोलायचे तर मला माझी जुनी वही सोबत आणावी लागेल. ती मी आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर १९९६ साल आहे आणि बऱ्याच पानांवर तेलाचे डाग आहेत. आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक सारे या वहीतलेच आहे.

१९७६ साली लग्न होऊन मी वैतरणा येथे आले. त्या वेळी मुंबईची लोकल विरारपर्यंतच येत असे. पुढे डहाणूकडे जायला मोजक्या गाड्या, आणि एक चुकली की स्टेशनावर बसून राहायचे. लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचायला २०१३ साल उजाडावे लागले. माझ्या सासऱ्यांचे स्टेशनाच्या वाटेवर किराणा मालाचे लहानसे दुकान होते. भुसार माल मुंबईच्या मशीद बंदरातून येई. दुपारी मामंजी जेवून आडवे झाले की तासभर मी गल्ल्यावर बसत असे आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हाताखाली. सासूबाईंना घरात सगळे ‘बा’ म्हणत. तागडीच्या दोन्ही बाजूंना उभे राहण्याचा योग मला असा लग्नानंतर पहिल्याच वर्षी आला. आज या सभागृहात किराणा व्यापारी बंधूही बसलेले आहेत. त्यांनी राग मानू नये. मी त्यांच्याच घरातली आहे.

गल्ल्यावर बसून मी काय पाहिले? महिन्याच्या सुरुवातीला यादी आणि पिशव्या घेऊन येणारी, भाव विचारून, माल हातात घेऊन पाहून, रोख पैसे मोजणारी बाई दुकानदाराला फारशी आवडत नाही. तिच्याकडून त्याला थोडेच मिळते. त्याला आवडते ते घर, जिथून दिवसातून चार वेळा लहान मूल पळत येते. पावशेर साखर, चहाची पुडी, दोन रुपयांचे जिरे, आणि ‘बाबांच्या खात्यावर लिहा’. मामंजी सज्जन गृहस्थ होते, मापात त्यांनी कधी कोणाला फसविले नाही. पण एकदा मी विचारले की, अमक्यांच्या खात्यावर साखर चार आणे चढी का लिहिली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सूनबाई, माझे पैसे त्यांच्याकडे दोन महिने पडून राहतात, त्याचे भाडे नको का? आणि उधारीचे गिऱ्हाईक भाव विचारीत नाही. त्याला विचारायला तोंडच नसते.” हे वाक्य तेव्हा मी दुकानदाराच्या घरातली म्हणून ऐकले. वीस वर्षांनी ते माझ्याच अंगावर आले.

पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, दुकान मिटले, आणि माझे यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. रोज गाडीने बोईसर गाठायचे. दहा-अकरा वर्षे बरी गेली. १९९६ च्या पावसाळ्यात कारखान्याच्या दारावर टाळे लागले. घरात आम्ही सहा माणसे. बा, आम्ही दोघे, दोन मुली आणि एक मुलगा. अकरा महिने पगार आला नाही. शिलकीत जे होते ते दिवाळीपर्यंत पुरेल असा अंदाज होता. तो चुकला. पर्युषण संपता-संपता आमचे नाव कोपऱ्यावरच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत लागले. एका किराणा दुकानदाराच्या सुनेचे नाव! त्या रात्री मी मुलीच्या शाळेच्या वहीतली उरलेली पाने फाडून शिवली आणि लिहायला बसले.

पहिला महिना मी काहीच कमी केले नाही, हे मुद्दाम सांगते. उपदेश ऐकून घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी तूप बंद, साखर बंद असे करणाऱ्या भगिनी आठवड्याभरात थकतात. मी फक्त लिहिले. घरात काय आले, काय संपले आणि काय टाकले. महिनाअखेरीस बेरीज केली तर दुधाखेरीज १,९०० रुपये झाले होते. मला वाटत होते की गहू, तांदूळ आणि डाळ यांनीच आम्हाला खाल्ले. पण या तिन्हींचे मिळून सातशेच्या आसपास निघाले. तेल, तूप, साखर, चहा समजण्यासारखे होते. मग सुमारे ४०० रुपयांचा आकडा दिसला, आणि तो होता फरसाण, खारी, बिस्किटे, तयार मसाले आणि जाता-जाता आणलेल्या पुड्यांचा. या ४०० रुपयांतले काहीही ताटात वाढले जात नव्हते. ते उभ्या-उभ्या खाल्ले जात होते.

टाकल्याचा रकाना मात्र मला खरोखर लाजविणारा ठरला. रोज सरासरी तीन पोळ्या आणि वाटीभर भात. इतर घरांतून उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी दिली जाते, आणि काटकसरीवरचे बहुतेक लेख शिळ्या अन्नाच्या पाककृतींनीच भरलेले असतात. आपल्याकडे वासी चालत नाही. रात्र ओलांडलेली पोळी आपण खात नाही, म्हणून आपल्या घरातली काटकसर अन्न शिजण्याआधीच व्हावी लागते. नंतर तिला वाव नाही. २५ ग्रॅम पिठाचा एक फुलका धरला तर किलोभर पिठात ४० फुलके होतात. रोजच्या तीन पोळ्या म्हणजे महिन्याला सव्वादोन किलो पीठ आम्ही गाईच्या पुढे ठेवीत होतो आणि त्याला जीवदया म्हणून मनाचे समाधान करीत होतो. गाईला अवश्य द्यावे. पण ते ठरवून द्यावे, चुकून नव्हे.

बांना मी आकडा वाचून दाखविला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी सासू प्रत्येकाला विचारून कणीक भिजवायची. आता तुम्ही परात भरून भिजवता आणि मग खाणारा शोधता.” दुसऱ्या दिवसापासून सकाळी आणि सायंकाळी कणीक भिजविण्यापूर्वी प्रत्येकाने किती खाणार ते सांगायचे असा नियम झाला. मुलांना सुरुवातीला त्याची मौज वाटली, पुढे सवय झाली. तांदळाला वाटीचे माप ठरले. तरी एखाद-दुसरा फुलका उरलाच तर तो त्याच दिवशी, चौविहाराच्या आधी, मंद तव्यावर कापडाच्या दट्ट्याने दाबून कडक करायचा. ओलावा गेला की तो वासी राहात नाही, खाकरा होतो. आपल्या पूर्वजांनी नियम पाळूनही अन्न वाया न जाण्याची ही वाट काढून ठेवली आहे, आणि आपण मात्र तोच खाकरा पाकिटातून विकत आणतो! २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने खाकऱ्यावरचा जीएसटी शून्य केला, तेव्हा आमच्या एका नातलगांनी मला आनंदाने फोन केला. मी म्हटले, माझ्या घरच्या खाकऱ्यावर तो कधी नव्हताच.

ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत आता वडीलधाऱ्या माणसांपुरती उरली आहे. माझी नात त्याला नाक मुरडते. मी तिला काही म्हणत नाही. मात्र ताट धुऊन प्यायचे असेल तर माणूस ताटात जास्त वाढून घेत नाही, एवढे मी तिला दाखवून दिले आहे.

आता खरेदीविषयी. येथे मला थोडे मागे जावे लागेल. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाई इतकी भडकली की मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्यासारख्या नेत्यांनी गृहिणींना रस्त्यावर आणले. हातात लाटणी घेऊन निघालेले ते मोर्चे आपल्यापैकी वडील भगिनींना आठवत असतील. मोर्च्याने सरकार हलते. पण दुसऱ्या दिवशी डाळ आणायला दुकानातच जावे लागते. त्याला पुढचे उत्तर मुंबई ग्राहक पंचायतीने दिले. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने १९७५ च्या गुढीपाडव्याला ती सुरू झाली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पंचायतीने सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक माल घ्यायचा, आणि आलेला माल सभासदांनीच आपसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, उधारी तर नाहीच. ती संस्थाही आपल्या ट्रस्टप्रमाणेच ५० वर्षांची झाली आहे. त्याहीपूर्वी, १९४८ साली, नायगावच्या कामगारांनी अपना बाजारची सुरुवात केली होती. सामान्य घराचा वाणसामानाचा खर्च एकट्याने फार कमी होत नाही, हे या माणसांनी फार लवकर ओळखले.

आमच्या कोपऱ्यात तशी पंचायत नव्हती, म्हणून आम्ही तिची नक्कल केली. आठ कुटुंबे जमली. त्यांत आपली पाच, एक शिक्षिका, एक रेल्वेतील कर्मचारी आणि एक वाडवळ कुटुंब. पहिल्या महिन्यात गव्हाच्या गोण्या आणि तेलाचा १५ किलोचा डबा थेट घाऊक व्यापाऱ्याकडून आणला. पैसे वाचले. पण दोन दिवसांनी आमचे नेहमीचे दुकानदार, तेही आपल्याच समाजाचे, घरी आले. बाहेर बसून त्यांनी पाणी घेतले आणि एवढेच म्हणाले, “भाभी, उधारी माझ्याकडे आणि रोख दुसरीकडे?” त्यांचे काय चुकले होते? पर्युषणात ज्यांनी आम्हाला न विचारता माल दिला, त्यांच्या दारावरून आम्ही रोख पैसे घेऊन पुढे गेलो होतो. माझी मान खाली गेली.

मग मामंजींचे ते वाक्य मला आठवले, आणि मी त्यांनाच विचारले की, आठ घरांची यादी महिन्याच्या २५ तारखेला हातात मिळाली, पैसे रोख मिळाले आणि माल तुम्हाला पुड्या न बांधता गोणीनेच द्यायचा असेल, तर घाऊक भावावर किती घ्याल? त्यांनी बोटांवर हिशेब केला. जे सांगितले ते थेट आणण्यापेक्षा किलोमागे थोडेच अधिक होते, आणि हमाली व गाडीचा त्रास वाचत होता. त्यांची रक्कम अडकत नव्हती, माल पडून राहात नव्हता. ही व्यवस्था आमच्याकडे नऊ वर्षे चालली. माझी जुनी उधारी त्यांनी हप्त्याने फेडून घेतली, व्याज लावले नाही. म्हणून मी आज येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना विनंती करते की, आपल्या गावातल्या पाच-दहा घरांसाठी अशी रोखीची यादी स्वीकारून पाहा. झगमगीत मोठ्या बाजारांनी आणि दहा मिनिटांत पिशवी दारात टाकणाऱ्या सेवांनी आपले गिऱ्हाईक नेले अशी तक्रार मी नेहमी ऐकते. ते परत आणण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मोठ्या बाजाराचा प्रश्न निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगते. तिथे वस्तू स्वस्त असतात हे अनेकदा खरे असते. पण माणूस पाच वस्तू घ्यायला जातो आणि सतरा घेऊन येतो. गाडीभाडे कोणी हिशेबात धरीत नाही. दुसरे, पाकिटाचे वजन वाचा. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत वर्षानुवर्षे तीच दिसते, आतला माल मात्र कमी होत जातो. बिस्किटे, चहा, साबण यांसारख्या अनेक वस्तूंसाठी पूर्वी ठराविक वजनांचे बंधन होते. ते आता निघाले आहे, आणि त्याऐवजी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत पाकिटावर छापावी असा नियम झाला आहे. तो बारीक आकडा चष्मा लावून वाचावा. सगळी लबाडी किंवा सगळी स्वस्ताई त्याच आकड्यात दिसते. तेलाच्या बाबतीत एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. एक दुकान किलोचा भाव सांगते, दुसरे लिटरचा, आणि आपण दोन्हींची तुलना करून फसतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. सुटी डाळ निवडावी लागते, पाखडावी लागते, हे मान्य. पण निवडणे तर आपल्याला पाकिटातली डाळही चुकत नाही, जयणेसाठी ती आपण पाहतोच. मग निवडण्याचे कष्ट करूनही पाकिटाचे पैसे का द्यावेत?

आणि पाकिटावर ‘जैन’ हा शब्द छापला की आपण किंमत न पाहता उचलतो, ही आपली खास सवय आहे. कांदा-लसूण न घालण्याबद्दल कोणी पैसे का मोजावेत, हे मला अजून कळलेले नाही. कांदाच घातला नाही तर माल स्वस्त व्हायला हवा! १९९८ साली कांद्याच्या भावाने देशात केवढा गहजब झाला, दिल्लीच्या निवडणुकीतही तो गाजला. आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्याची झळ पोहोचली नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा मात्र आपण पुरते सापडलो, कारण आपल्यातील कितीतरी घरांत आठवड्याचे सातही दिवस तूर शिजते. तेव्हा मी मुलीला वहीतले १९९६ चे पान काढून दाखविले. त्या साली आमच्याकडे तूर आठवड्यातून तीनच दिवस होती. उरलेल्या दिवशी मूग, मठ, चणाडाळ, वाल, आणि बेसनाची कढी. आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, तेव्हा कडधान्य शिजवायचेच असते. तोच क्रम थोडा वाढविला. मोड आणणे आपल्याला वर्ज्य, म्हणून फक्त भिजवायचे. रात्री भिजवायचे नसेल तर पहाटे गरम पाण्यात घालावे. भिजलेले कडधान्य लवकर शिजते आणि गॅस वाचतो. एकाच कुकरात खाली भात, मध्ये डाळ, वर दुधी किंवा तोंडली असे तीन डबे लावण्याची रीत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी फक्त एवढेच विचारते की ती रोज होते का.

वर्षाचे धान्य एकदम भरावे असे आपल्या आज्या सांगत. मी ते करून पाहिले आणि तोंडघशी पडले. वैतरणेची खाडी जवळ, हवेत सदैव ओलावा. एप्रिलात उन्हे देऊन, एरंडेल चोळून ठेवलेल्या गव्हाच्या दोन पिंपांपैकी एकात श्रावणापर्यंत सोंडे झाले. दळायचे कसे आणि उन्हात टाकायचे कसे? सूप घेऊन तीन दुपारी मी आणि बा तो गहू हलक्या हाताने निवडीत बसलो होतो. स्वस्तात घेतलेला तो गहू मला पैशाने आणि मनानेही महाग पडला. तेव्हापासून पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका महिन्यापुरतेच धान्य आणि ऋतूच्या मर्यादेत बसेल एवढेच पीठ, असा आमचा नियम आहे. तांदूळ मात्र जुना घ्यावा. तो फुगतो, मोकळा होतो आणि मूठभर कमी लागतो. आपल्या शेजारच्या वाड्याचा कोलम २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळवून देशभर नावाजला. तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट आणता आला तर जरूर आणावा. दुकानात त्या नावाने काहीही विकले जाते.

भाजीविषयी एकच गोष्ट सांगते आणि ती थोडी कडक आहे. सफाळे-केळव्याकडच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजीचे भारे घेऊन मुंबईकडे जातात, आदिवासी भगिनी डोक्यावर टोपली घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. काटकसर म्हणून कृपा करून त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. मोठ्या बाजारात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, टोपलीवालीपुढे एकदम चाणाक्ष होतो. त्यांच्याकडून ऋतूची भाजी घ्या, वालपापडी असेल तेव्हा वालपापडी, पडवळ असेल तेव्हा पडवळ. ऋतूची भाजी मुळातच स्वस्त असते. घासाघिशीची गरज पडत नाही.

नोकरीवर जाणाऱ्या मुला-मुलींचा प्रश्न वेगळा आहे. सूर्यास्त गाडीतच होतो. चौविहार पाळणारा मुलगा स्टेशनावर वडा खाऊ शकत नाही, मग केळ्याचे वेफर आणि पाकिटे घेतो. माझा मुलगा अंधेरीला जात असे तेव्हा दुपारच्या डब्याखेरीज त्याच्या पिशवीत संध्याकाळचा एक चपटा डबा असे. दोन ठेपले, खाकरा, कधी मुगाचा सुका चिवडा. ठेपले करायला मला सकाळी पंधरा मिनिटे अधिक लागत. त्याच्या महिन्याच्या खर्चातून जे वाचले त्यात त्याचा तिमाही पास निघत असे.

तर अशा रीतीने पाचव्या महिन्यात १,९०० चे १,३०० झाले. मला वहीचा अभिमान वाटू लागला. सातव्या महिन्यात १,१५० झाले, आणि तेव्हा मी कोणालाच विचारले नाही की हे शेवटचे दीडशे रुपये आले कोठून.

माघ महिन्यात एके दिवशी स्टेशनाच्या पुलाच्या पायऱ्या चढताना मला भोवळ आली. दोन अनोळखी बायकांनी धरून बसविले, म्हणून मी खाली पडले नाही. पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मला नव्हे, माझ्या यजमानांना विचारले, “या घरी काय खातात?” त्यांना उत्तर देता आले नाही. कारण मी सगळ्यांना वाढून शेवटी बसत असे, आणि शेवटी काय उरते ते कोणी पाहात नसे. दूध मी डिसेंबरातच सोडले होते. डाळ सगळ्यांना पुरावी म्हणून मी ताकावर भागवीत होते. तुपाचा हात माझ्या फुलक्यावर कधी फिरला तो मला आठवेना. कोणी विचारले तर आज एकासणे आहे म्हणत असे. माझ्या मनातही मी त्याला ऊनोदरी म्हणत होते. तप गुरूंच्या आज्ञेने, स्वेच्छेने आणि निर्मळ मनाने करायचे असते. पैसे वाचविण्यासाठी लपून उपाशी राहायचे आणि त्याला तपाचे नाव द्यायचे, यात तपही नव्हते आणि काटकसरही नव्हती.

घरी आल्यावर बांनी वही मागितली. त्यांना वाचता थोडेच येई. बोट ठेवत-ठेवत त्यांनी पाने उलटली आणि विचारले, “यात सगळ्यांचं लिहिलंस. तुझं कुठाय?” मी गप्प राहिले. त्यांनी यजमानांना बोलावले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवी पद्धत सुरू झाली. संध्याकाळी सगळ्यांची ताटे एकाच वेळी वाढायची, माझेही. वाढून झाल्याशिवाय कोणी बसायचे नाही. बा स्वतः माझ्या ताटाकडे पाहात. खर्च पुन्हा १,३०० वर गेला आणि तिथेच थांबला. औषधे आणि तपासण्यांचे जे झाले ते वहीत वेगळ्या पानावर आहे. सात महिन्यांत त्या दीडशेने जेवढे वाचविले होते त्याच्या कितीतरी पट.

हे मी आजवर चारचौघांत सांगितले नव्हते. आज सांगितले, कारण या सभागृहात अशा भगिनी आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते ओळखू येते. येथे बसलेल्या बंधूंनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे, घरातल्या बाईचे ताट पाहावे. तिला विचारू नये. ती खरे सांगणार नाही. पाहावे.

पुढच्या वर्षी यजमानांना दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी होता, तरी उधारीची वही पुन्हा उघडावी लागली नाही. मुलींची लग्ने झाली तेव्हा दोघींनी वहीची एकेक प्रत हाताने उतरवून नेली. एकीने ती आता मोबाईलमध्ये घातली आहे म्हणे. मला कागदच बरा वाटतो, कारण कणकेच्या हाताने मोबाईल धरता येत नाही.

मंडळाच्या भगिनींनी सुचविल्याप्रमाणे ही वही मी मागच्या टेबलावर ठेवून जाणार आहे. पाच-सहा घरांची रोखीची यादी करण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी तिथल्या कोऱ्या कागदावर आपले नाव आणि गाव लिहावे. कोणत्या स्टेशनावर किती घरे जमतात ते पाहून महिना-दोन महिन्यांत सुरुवात करता येईल. वहीची पाने उलटताना जरा जपून, शिवण सैल झाली आहे.